आंतिपास्तो: जेवणाआधीच्या ताटलीचा इतिहास

इटालियन मेजवानीत मुख्य पदार्थांपूर्वी जे थोडेथोडे, चटकदार आणि बहुधा थंड खाणे मांडले जाते त्याला ‘आंतिपास्तो’ म्हणतात. हा शब्द ‘आधी’ या अर्थाचा लॅटिन ‘आंते’ आणि ‘आहार’ या अर्थाचा ‘पास्तुस’ यांच्या जोडणीतून आला असून, कणकेच्या ‘पास्ता’शी त्याचे नाते केवळ कानाला जाणवणारे आहे. ऑलिव्ह, खारवलेल्या मांसाचे पातळ काप, चीज, व्हिनेगरात मुरलेल्या भाज्या आणि भाजलेल्या पावाचे तुकडे एका थाळीत रचले की काम संपते, म्हणून नाताळच्या दिवसांत पाहुण्यांसाठी करायचा सर्वांत सोपा प्रकार अशी त्याची ख्याती झाली. हा सोपेपणा खरा असला तरी तो श्रमांच्या अभावातून आलेला नाही. श्रम दुसऱ्या ऋतूत आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून आधीच होऊन गेलेले असतात, आणि आंतिपास्तोचा इतिहास हा मुख्यतः या आगाऊ श्रमांचा इतिहास आहे.

प्राचीन रोममधील ‘चेना’, म्हणजे दिवसाचे मुख्य भोजन, ‘गुस्तात्सिओ’ या पहिल्या वाढपाने सुरू होई. त्यात अंडी, ऑलिव्ह, खारवलेले मासे आणि पालेभाज्या असत व सोबत मध मिसळलेली वाइन दिली जाई. इ.स.पू. दुसऱ्या शतकात थोरल्या केटोने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात ऑलिव्ह बारीक चिरून त्यांत तेल, व्हिनेगर, धने, जिरे, बडीशेप आणि पुदिना घालण्याची कृती आहे, आणि त्याच ग्रंथाच्या अखेरीस डुकराची मांडी मिठात मुरवून, वाऱ्यावर सुकवून, तेल चोळून धुरावर धरण्याची रीतही सांगितली आहे. या दोन्ही कृती स्वयंपाकाच्या नव्हे तर शेतीच्या पुस्तकात याव्यात यात नवल नाही, कारण हा जिन्नस चुलीपेक्षा कोठाराचा अधिक होता.

पुढे या वाढपाला वैद्यकाचे पाठबळ मिळाले. देहातील चार द्रवांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून असते असे मानणाऱ्या युरोपीय वैद्यकाने जठर आधी ‘उघडले’ पाहिजे असा नियम घातला, आणि पंधराव्या शतकातील विद्वान प्लातिना याने आहारावरील आपल्या लॅटिन ग्रंथात कोणता पदार्थ आधी व कोणता नंतर खावा याची चर्चा याच दृष्टीने केली. भूक चाळवणाऱ्या पेयाला आजही इटलीत ‘आपेरितिव्हो’, म्हणजे ‘उघडणारे’, असे म्हणतात. मात्र या वाढपाला घडीव रूप मिळाले ते वैद्यांमुळे नव्हे, तर दरबारी व्यवस्थेमुळे. भिंतीलगतच्या ज्या मेजावर थंड पदार्थ रचून ठेवत त्याला ‘क्रेदेन्त्सा’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ ‘विश्वास’ असा असून, धन्याला वाढण्यापूर्वी अन्न चाखून त्यात विष नसल्याची खात्री करण्याच्या प्रथेशी तो जोडला जातो. पोपच्या सेवेत असलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी या आचाऱ्याने 1570 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथातील मेजवान्यांच्या याद्यांत क्रेदेन्त्सावरची थंड वाढपे आणि मुदपाकखान्यातून येणारी गरम वाढपे वेगवेगळी नोंदवलेली आहेत. पाहुणे बसताना पहिले थंड वाढप तयारच असल्याने आतल्या आचाऱ्यांना उसंत मिळे. आजच्या घरगुती यजमानाला आंतिपास्तो सोयीचा वाटतो तोही नेमक्या याच कारणाने.

दरबाराबाहेर ही ताटली गावोगावच्या खारवणाऱ्यांच्या कसबावर उभी राहिली. बोलोन्यामध्ये 1661 साली कार्डिनल फार्नेझे याने फर्मान काढून मोर्तादेल्ला, म्हणजे बारीक कुटलेल्या डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज, कसा करावा याचे नियम घालून दिले. एका खाद्यपदार्थासाठी सत्तेने फर्मान काढावे यावरून त्या धंद्याचे मोल लक्षात येते.

तरीही ही ताटली जेवणाआधीच यावी असा एकमुखी दंडक इटलीत नव्हता. पेल्लेग्रिनो आर्तुझी याने 1891 मध्ये फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या आणि पुढे घरोघरी पोहोचलेल्या पाकग्रंथात तस्कनीमध्ये हे पदार्थ सूपनंतर खातात असे नोंदवले आहे आणि तीच रीत अधिक सयुक्तिक ठरवली आहे, म्हणजे नावातले ‘आधी’ त्याने फारसे मनावर घेतले नाही. त्याने दिलेल्या प्रकारांत ‘क्रोस्तिनी’, म्हणजे पावाच्या भाजलेल्या लहान चकत्यांवर काही लावून केलेले घास, येतात. कोंबडीचे काळीज, अँकोव्ही हे खारवलेले लहान मासे आणि केपर या झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या वाटून लावलेली क्रोस्तिनी तस्कनीच्या नाताळच्या मेजावर आजही हमखास असते.

सणाशी या ताटलीचे नाते उपवासानेही घट्ट केले. नाताळची पूर्वसंध्या, ‘व्हिजिलिया’, कॅथलिक परंपरेत मांसवर्ज्य मानली जाई, आणि चर्चने 1966 मध्ये उपवासाचे नियम सैल केल्यानंतरही दक्षिण इटलीतील अनेक कुटुंबांत त्या रात्री मासेच खातात. नेपल्समध्ये त्या वेळी उकडलेला फ्लॉवर, ऑलिव्ह, अँकोव्ही आणि व्हिनेगरातल्या मिरच्या यांचे ‘इन्सालाता दि रिन्फोर्त्सो’, म्हणजे ‘पुष्टीचे सॅलड’, करतात. हलक्या जेवणाला ते पुष्टी देते म्हणून हे नाव, असे काही सांगतात, तर संपेल तशी त्यात भर घालून ते पुढचे अनेक दिवस पुरवतात म्हणून, असे इतर. दुसरा खुलासा या पदार्थाच्या स्वभावाला अधिक शोभतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखो इटालियन, विशेषतः दक्षिणेकडचे, अमेरिकेत गेले. प्रांतोप्रांतीचे वेगळे जिन्नस तिथे एका थाळीत एकत्र आले आणि बरणी, डबा व दुकानातले यंत्राने कापलेले काप यांनी उरलेसुरले काम हलके केले. खारवण्याचा काळ मात्र यंत्राला आटोक्यात आणता आलेला नाही: पार्माच्या ‘प्रोशुत्तो’ला, म्हणजे केवळ मीठ लावून वाऱ्यावर मुरवलेल्या मांडीला, तयार व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि या नाताळला जी कापली जाईल तिला मीठ चोळले गेले ते मागचा नाताळ येण्यापूर्वी.