दगडातला कॅरिबू आणि गळ्यातला नंबर

कॅनडाच्या सरकारी कागदांत ओसुइटोक इपीली बरीच वर्षं 'ई ७-११५४' होते. ई म्हणजे पूर्वेकडचा मुलूख, ७ हा विभाग आणि पुढचा आकडा त्यांचा स्वतःचा. इनुइट लोकांत आडनावाची पद्धत नव्हती. वारलेल्या माणसाचं नाव बाळाला द्यायचं, आणि नावाबरोबर त्या माणसाचा अंशही बाळात येतो असं मानायचं. मुलगा की मुलगी, हे त्यात पाहत नसत. बाहेरून आलेल्या कारकुनांना ही नावं नीट उच्चारताही येईनात. मग १९४० च्या दशकात तोडगा निघाला: माणशी एक नंबराची चकती, गळ्यात घाला नाहीतर कपड्याला शिवा. दाखल्यावरचं एक अक्षर चुकलं तर काय हाल होतात, ते आपल्या वस्त्यांत कुणाला सांगायला नको. इथं तर अख्खं नावच बाजूला ठेवलं गेलं.

ओसुइटोक यांचा जन्म १९२३ च्या सुमारास बॅफिन बेटावर, शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबात झाला. त्यांचं गाव केप डॉर्सेट. १९४९ साली माँट्रियलच्या प्रदर्शनात इनुइट मूर्ती हातोहात खपल्या, आणि शिकारी माणसांना दगडातून रोजी मिळू लागली. तिथला हिरवट सर्पेंटाइन दगड दिसायला देखणा, पण बारीक काम केलं की तुटण्याचा धोका. म्हणून बरेच कारागीर अंगानं भरलेले अस्वल, सील घडवत. ओसुइटोक यांनी मात्र कॅरिबू, म्हणजे तिकडचं रानटी रेनडियर, काडीसारख्या पायांवर उभं केलं. वर जड धड, खाली ते पाय, आणि तरी तोल ढळत नाही! हे नुसत्या हातातल्या कसबानं साधत नाही. जनावर कुठल्या पायावर भार देतं, हे शिकाऱ्याला पाहून पाहून ठाऊक असतं. त्यांचे पक्षीही मला आवडतात, पण कॅरिबूची सर त्यांना नाही.

१९५५ मध्ये वायव्य प्रदेशाच्या विधिमंडळासाठी राजदंड हवा होता. नार्व्हालचा दात, व्हेलचं हाड, कस्तुरी बैलाची शिंगं आणि तांबं यांतून तो घडवणाऱ्या केप डॉर्सेटच्या कारागिरांत ओसुइटोक प्रमुख होते. सरकारच्या अधिकाराची खूण त्यांच्या हातची, आणि त्याच सरकारच्या वहीत ते एक नंबर. या गोष्टीचा मला राग येतो, तो लपवत नाही.

१९७० च्या सुमारास एब ओकपिक हे इनुइट गृहस्थ वस्तीवस्तीत फिरले आणि लोकांनी निवडलेली आडनावं नोंदवून घेतली. पुढे चकत्या गेल्या. ओसुइटोक २००५ मध्ये वारले. केप डॉर्सेटलाही २०२० मध्ये किन्गाइत हे आपलं नाव अधिकृतपणे परत मिळालं. जुन्या मूर्तींच्या तळाशी मात्र कारागिरानं सहीसोबत, कधी सहीऐवजी, कोरलेला तो नंबर सापडतो. मूर्ती कुणाची हे ठरवायला संग्राहक आजही तोच नंबर पाहतात.