जीव वाचला, पण लघवीचं काय? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनंतरच्या एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास

"तपासणीत सगळं ठीक आहे," असं सांगितलं की बहुतेक पेशंट समाधानाने उठतात. काही जणी मात्र दारापर्यंत जाऊन परत येतात. सोबत आलेल्या मुलाला किंवा नवऱ्याला बाहेर थांबायला सांगतात आणि हळू आवाजात म्हणतात, "डॉक्टर, खोकला आला की लघवी होते. लग्नकार्याला जाणंच बंद केलंय. कॅन्सरमधून वाचले, आता एवढ्याशा गोष्टीची तक्रार काय करायची?"

ही तक्रार एवढीशी नाही. डॉक्टरांनी ती इतकी वर्षं का विचारली नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१८९८: एकाच वर्षातल्या दोन घटना

नोव्हेंबर १८९८ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्थाइम यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एक मोठी शस्त्रक्रिया केली. गर्भाशयासोबत त्यांनी बाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा भागही काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट क्लीव्हज यांनी याच कॅन्सरवर रेडियम वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आजच्या उपचाराच्या दोन्ही वाटा, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, तिथून निघाल्या.

त्या काळी प्रश्न एकच होता: बाई जगेल का? वेर्थाइम यांच्या सुरुवातीच्या अनेक पेशंट शस्त्रक्रियेतच दगावल्या. तरी त्यांनी तंत्र सुधारत नेलं आणि १९११ मध्ये ५०० शस्त्रक्रियांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे रक्त देण्याची सोय, चांगली भूल आणि अँटिबायोटिक्स आल्यावर बोस्टनच्या डॉ. जो मेग्ज यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा रूढ केली. स्त्रिया वाचू लागल्या, आणि मगच पुढचा प्रश्न समोर आला.

नेमकं काय बिघडतं?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात. इंग्रजीतल्या नावावरून आपण तिला पेल्विक फ्लोअर म्हणतो. मोठ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या बाजूच्या ज्या ऊती काढतात, त्यांच्यातून मूत्राशयाच्या बारीक नसा जातात. त्या दुखावल्या तर मूत्राशय भरल्याची जाणीव कमी होते, लघवी पूर्ण होत नाही किंवा गळते. रेडिएशनने ऊती कडक होतात. योनी कोरडी पडते, आखडते, आणि संबंधांच्या वेळी दुखतं. आतड्यांचा त्रासही होऊ शकतो.

नसा वाचवणारे आणि स्नायू मोजणारे

यावर सर्वात आधी कसून काम झालं ते जपानमध्ये. टोकियोच्या डॉ. ताकाशी कोबायाशी यांनी १९६१ मध्ये मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा जपत शस्त्रक्रिया कशी करावी हे मांडलं. कॅन्सर पूर्ण काढायचा, पण नस विनाकारण कापायची नाही, हा विचार नंतर जगभर पसरला.

दुसरी वाट अमेरिकेतली. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी व्यायाम मांडले. त्यासाठी त्यांनी दाब मोजणारं एक उपकरणही तयार केलं. स्नायू आवळले की काटा हलायचा, आणि आपला व्यायाम बरोबर होतोय की नाही हे स्त्रीला स्वतःला दिसायचं. नुसतं "आवळा" म्हणून भागत नाही, योग्य स्नायू सापडावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. कॅन्सरच्या पेशंटपर्यंत हे व्यायाम पोचायला मात्र फार उशीर झाला.

आता 'कमी, पण पुरेसं'

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागणाऱ्या ३०० स्त्रियांवर अभ्यास केला. नेमक्या जागी किरण देणाऱ्या नव्या पद्धतीत तीन वर्षांत आतड्यांचा उशिरा होणारा लक्षणीय त्रास सुमारे २१ टक्के स्त्रियांना झाला. जुन्या पद्धतीत हेच प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. कॅन्सर परतण्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही.

२०२४ मध्ये १२ देशांतल्या ७०० स्त्रियांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठीसाठी साधी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रियाही पुरेशी ठरली. तीन वर्षांत ओटीपोटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्ही गटांत अडीच टक्क्यांच्या आसपास होतं, आणि लघवीचे त्रास साध्या शस्त्रक्रियेत कमी होते. मात्र हे सर्वांना लागू नाही. गाठ मोठी असेल तर मोठे उपचार लागतातच.

तुम्ही काय कराल?

- वायू रोखताना जे स्नायू आवळतो, तेच हे स्नायू. पाच सेकंद आवळा, मग पूर्ण सैल सोडा. श्वास रोखू नका, पोट ताणू नका. लघवी मध्येच थांबवून सराव करू नका.
- शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः लघवीची नळी असताना, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.
- प्रत्येकीचे स्नायू सैलच असतात असं नाही. काही जणींचे आखडलेले असतात. त्यांना आवळण्यापेक्षा सैल सोडायला शिकावं लागतं. म्हणून पेल्विक फ्लोअरचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या.
- रेडिएशननंतर योनी आखडू नये म्हणून डायलेटर आणि क्रीमबद्दल विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.
- लघवी सतत, दिवसरात्र गळत असेल, अजिबात होत नसेल, रक्त जात असेल किंवा ताप येत असेल, तर व्यायाम करत बसू नका. लगेच दाखवा.

शंभर वर्षांपूर्वी डॉक्टर फक्त "जगली का?" एवढंच विचारायचे. आज "कशी जगतेय?" हे विचारणं आमचं काम आहे. आम्ही विसरलो, तर दारापर्यंत जाऊन परत येऊ नका. खुर्चीत बसल्या बसल्याच, पहिला प्रश्न म्हणून विचारा.