कागदावरचे ३२० घोडे

गाडीची जाहिरात बघताना आपली नजर आधी कुठे जाते? हॉर्सपॉवरच्या आकड्यावर. आज त्या आकड्याचीच गोष्ट. तो मोजतं कोण? आणि गाडीत तेवढी ताकद नसलीच तर?

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॉटचं. वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करेल, हे गिऱ्हाइकाला पटवायला त्याने ते वापरलं. म्हणजे हा आकडा पहिल्यापासून विक्रीच्या कामाचा! ताकद मोजायची सोपी युक्ती १८२१ मध्ये फ्रान्सच्या गास्पार द प्रोनीने काढली. फिरत्या शाफ्टवर ब्रेक आवळायचा आणि तो ब्रेक जागेवर धरून ठेवायला किती वजन लागतं ते बघायचं. त्यातून टॉर्क कळतो. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की पॉवर. डायनो, म्हणजे डायनामोमीटर, करतो ते मुळात हेच.

पण इंजिन मोजायचं कुठल्या अवस्थेत? अमेरिकेत १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ आकडा छापायची पद्धत होती. इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ १९७२ पासून हे सगळं जोडून मोजलेला ‘नेट’ आकडा आला. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७१ मध्ये ३६५ हॉर्सपॉवरचं होतं, ते पुढच्या वर्षी कागदावर २३५ चं झालं. बदलली ती मोजायची रीत.

तरीही मोजणारी कंपनीच होती. हे बदललं ते ट्यूनिंगच्या गॅरेजमध्ये चॅसी डायनो आल्यावर. गाडी जड रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची, बहुतेक वेळा चौथ्या गिअरमध्ये टाकायची, कारण तिथे रेशो १:१ च्या जवळ असतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. रोलर किती झपाट्याने वेग घेतो, त्यावरून चाकांपर्यंत पोचलेली पॉवर कळते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल वाटेत थोडी खातात. ट्यूनर मंडळी त्यासाठी ढोबळमानाने १५ टक्के सोडतात.

आता १९९९ मध्ये या. फोर्डची मस्टँग एसव्हीटी कोब्रा, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, जाहिरातीत ३२० हॉर्सपॉवर. मालकांनी हौसेने गाड्या डायनोवर चढवल्या. १५ टक्के सोडूनही हिशेब जुळेना! एकाचा आकडा कमी आला तर मशीनला दोष देता येतो. पण तक्रारी येतच राहिल्या. ऑगस्टमध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड, इंजिनचा कॉम्प्युटर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट बदलून दिला. २००० साली नेहमीची कोब्रा बाजारात आलीच नाही.

मग आली २००३ ची कोब्रा. सुपरचार्जर, लोखंडी ब्लॉक, ३९० हॉर्सपॉवर. आणि पाच गिअरच्या जागी ट्रेमेकचा सहा गिअरचा टी-५६. हा बदल शोभेचा नव्हता. गिअरचे दात, शाफ्ट, क्लच हे सगळं ठरावीक टॉर्क झेलण्यासाठी बनवलेलं असतं. नुसतं इंजिन वाढवलं, तर भार जाऊन पडतो सगळ्यात कमजोर भागावर. क्लच घसरत असेल तर डायनोवर लगेच दिसतं: इंजिनचे आरपीएम चढतात, रोलर मात्र तेवढा पळत नाही.

मालकांनी हीही गाडी रोलरवर चढवली. या वेळी चाकांवरचे आकडे अपेक्षेपेक्षा जास्त आले. कंपनीने ३९० हा आकडा हात राखून सांगितला असणार, असं लोक आजही म्हणतात.

चार वर्षांत एवढा फरक का पडला? मोजायचं यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती आलं होतं, आणि ते वापरलं जाणार हे आता कंपनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कुणी हॉर्सपॉवर सांगितली, की एवढंच विचारा: इंजिनवर मोजली, की चाकांवर?

भेटू पुढच्या भागात!