स्वस्त खेळांचा व्यापार : अल्पमूल्य आणि अल्पव्यय

थोड्या भांडवलावर तयार झालेला व्हिडिओ गेम पुरेसा खपून त्यातून नफा होतो काय, हा प्रश्न वरकरणी निव्वळ हिशेबाचा वाटतो. परंतु ‘स्वस्त खेळ’ या शब्दप्रयोगात दोन भिन्न अर्थ एकत्र नांदत असल्यामुळे त्याचे उत्तर सरळ मिळत नाही. ज्याच्या निर्मितीस थोडा खर्च येतो तो अल्पव्ययी खेळ. जो गिऱ्हाइकास थोड्या किमतीत मिळतो तो अल्पमूल्य खेळ. हे दोन्ही गुण एकाच वस्तूच्या ठायी असतीलच असे नाही. ब्रिटनमध्ये १९८३ नंतरच्या आठ-नऊ वर्षांत या व्यापाराचा जो उदय व अस्त झाला, त्यावरून हा भेद किती मोलाचा आहे हे ध्यानात येते.

१९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १२५ पौंडांपासून मिळू लागला. त्याचे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच भरलेले असत आणि पुष्कळदा एखादा तरुण एकट्यानेच संपूर्ण खेळ लिहून काढी. म्हणजे त्या काळचे बहुतेक खेळ अल्पव्ययी होते. अल्पमूल्य मात्र नव्हते. त्यांची किंमत सामान्यतः साडेपाच ते दहा पौंडांच्या दरम्यान असे. शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांत ती बसणारी नव्हती. साहजिकच मुले एकमेकांच्या कॅसेटींच्या नकला करून घेत.

ही उणीव मार्टिन आल्पर, फ्रँक हर्मन आणि अ‍ॅलन शॅरम यांनी हेरली व १९८३ मध्ये ‘मास्टरट्रॉनिक’ ही संस्था स्थापन केली. आल्पर व हर्मन व्हिडिओ कॅसेटींच्या वितरणाच्या धंद्यातून आलेले होते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी खेळाची किंमत १ पौंड ९९ पेन्स ठेवली आणि संगणकाच्या दुकानांपुरते न थांबता वर्तमानपत्रांची दुकाने व पेट्रोल पंप येथेही कॅसेटी मांडल्या. याच सुमारास, १९८४ च्या जुलैत, लिव्हरपूलची ‘इमॅजिन’ ही प्रख्यात संस्था दोन अतिखर्चिक खेळांची निर्मिती अर्धवट टाकून दिवाळखोरीत निघाली. मोठा खर्च हीच यशाची हमी, ही समजूत त्यामुळे डळमळली.

तथापि स्वस्त खेळातील नफा कोणाचा, हे पाहिले पाहिजे. १९९ पेन्सांपैकी त्या वेळच्या १५ टक्के मूल्यवर्धित करापोटी सुमारे २६ पेन्स सरकारजमा होत. उरलेल्या १७३ पेन्सांत दुकानदाराची व वितरकाची अडत, कॅसेट, छपाई, प्रकाशकाचा नफा आणि सर्वांच्या शेवटी खेळ लिहिणाऱ्याचा वाटा एवढे सारे भागवावे लागे. प्रकाशकाचे बळ त्याच्या लांबलचक यादीत होते; एक खेळ पडला तरी दुसरा त्याची भरपाई करी. लेखकापाशी असा आधार नव्हता. मास्टरट्रॉनिकसाठी अनेक खेळ लिहिणाऱ्या डेव्हिड व रिचर्ड डार्लिंग या बंधूंनी १९८६ मध्ये ‘कोडमास्टर्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि तीही स्वस्त खेळांचीच. लेखकाने प्रकाशक होणे यातच त्या व्यवहाराचे मर्म प्रकट झाले आहे.

पुढे बड्या प्रकाशकांनीही हा मार्ग धरला. ‘ओशन’ने ‘द हिट स्क्वॉड’ व ‘यूएस गोल्ड’ने ‘किक्स’ या नावांखाली आपले जुने गाजलेले खेळ उतरत्या किमतीत पुन्हा बाजारात आणले. हे खेळ अल्पमूल्य होते, पण अल्पव्ययी नव्हते. त्यांची पहिली कमाई पूर्ण किमतीत आधीच झालेली होती. दुकानाच्या फळीवरील मर्यादित जागेसाठी मुळातच थोड्या खर्चात केलेल्या नव्या खेळास आता त्यांच्याशी झुंजावे लागले. मास्टरट्रॉनिक व्हर्जिन समूहात विलीन झाली, सेगाच्या यंत्रांच्या वितरणाकडे वळली आणि १९९१ मध्ये सेगाच्याच मालकीची झाली.

फळीची ही अडचण इंटरनेटवरील विक्रीने संपली, असे वरवर पाहता वाटते. ‘स्टीम’ या विक्रीकेंद्राने २०१७ पासून एका खेळास १०० डॉलर शुल्क घेऊन जवळजवळ सर्वांस प्रवेश दिला. परंतु विक्रीतील ३० टक्के वाटा केंद्राकडे जातो आणि २०१८ मध्ये ज्यांना सवलत मिळाली ते खेळ १ कोटी डॉलरांहून अधिक कमाई करणारे होते. शिवाय मोठे खेळ वेळोवेळी सवलतीच्या दरात विकले जातात. ‘हिट स्क्वॉड’चाच हा नवा अवतार होय.

एरिक बॅरोन यांच्या ‘स्टारड्यू व्हॅली’चे (२०१६) उदाहरण अशा वेळी नेहमी पुढे केले जाते. सुमारे १५ डॉलर किमतीच्या या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. परंतु बॅरोन यांनी साडेचार वर्षे एकट्याने श्रम केले आणि त्या काळात घरखर्च मुख्यतः सहचारिणीच्या मिळकतीवर चालला. त्या वर्षांचे वेतन खर्चाच्या बाजूस मांडले, तर हा खेळ अल्पव्ययी म्हणता येईल काय?

तात्पर्य, स्वस्त खेळ नफा देतो हे इतिहासाने सिद्ध केले आहे. परंतु तो नफा प्रायः ज्याच्या हाती फळी व यादी असते त्याचा असतो. निर्मात्याचा अल्पव्यय हा पुष्कळदा हिशेबात न धरलेल्या श्रमांचेच दुसरे नाव ठरतो.