सामासिक अंतर : चर्च व रस्ता

रस्त्याची हद्द आणि इमारतीची दर्शनी भिंत यांमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा. नकाशावर ‘समोरील सामासिक अंतर’ असे लिहितात. बोलताना ‘फ्रंट मार्जिन’. हे अंतर कमी ठेवून चर्च रस्त्यालगत बांधता येते का, याचा विचार येथे नागपूरच्या संदर्भात केला आहे.

जरीपटका व परिसर : जरीपटका ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची उत्तर नागपुरातील वसाहत. मार्टिननगर, मेकोसाबाग या लगतच्या भागांत ख्रिस्ती वस्ती आहे. सदरमधील ऑल सेंट्स कॅथीड्रलसारखी जुनी चर्चे प्रशस्त आवारात उभी राहिली, त्यामुळे तेथे हा प्रश्न आला नाही. निवासी लेआउटमधल्या लहान भूखंडावर तो लगेच येतो : वेदी, बसण्याची जागा, पोर्च आणि घंटाघर बसवता बसवता नकाशा पुढे सरकतो.

कायदेशीर स्थिती : बांधकाम परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली घ्यावी लागते. 1936 च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास आणि महानगरपालिका या दोन्ही संस्थांचा शहराच्या नियोजनाशी संबंध राहिला आहे. डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे.

खरी अडचण तिच्यातील स्वेच्छाधिकाराच्या तरतुदीत आहे. अर्जदाराची अडचण उघड दिसत असेल, तर प्राधिकरण विशेष लेखी परवानगीने मापांत सवलत देऊ शकते. आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. पण रस्त्याच्या हद्दीपासूनचे अंतर, चटई क्षेत्र आणि पार्किंग या बाबी, नियमावलीत अन्यत्र सोय नसेल तर, या सवलतीतून स्पष्ट वगळल्या आहेत. म्हणजे बाजूच्या किंवा मागच्या अंतरासाठी अर्ज करता येतो, समोरच्यासाठी नाही. हे योग्यच आहे. उपासना संपली की सगळी मंडळी एकदम बाहेर येतात आणि लग्नाची वरात किंवा शवपेटी घेऊन आलेली गाडीही दारातच थांबते. तेव्हा समोरची जागा नसेल तर माणसे थेट वाहनांसमोर येतात. मोकळ्या जागेवर छज्जाही 0.75 मीटरपेक्षा जास्त पुढे येऊ देत नाहीत.

रस्त्याची नियमित रेषा : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 प्रमाणे आयुक्त ही रेषा ठरवतात. (2012 पर्यंत नागपूरला 1948 चा स्वतंत्र कायदा होता.) रेषेच्या आत आलेली इमारत पुन्हा बांधताना मागे घ्यावी लागते. अनेक जुनी चर्चे अशीच ‘पुढे’ आली : इमारत जागच्या जागी राहिली, रस्ता रुंद झाला. कलम 215 मात्र उलट दिशेचे आहे. रेषा सुधारण्यासाठी आयुक्त इमारत पुढे आणण्यास परवानगी देऊ शकतात; त्यासाठी रेषेवर मान्य मापाची भिंत बांधली तरी चालते. धार्मिक इमारतींबाबत या कलमाचा विचार क्वचितच होतो, तो व्हायला हवा.

सार्वजनिक जागेवरील बांधकामे : हा विषय वेगळा, पण नेहमी याच्यात मिसळला जातो. 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा यांचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असे सांगितले. आधीच्या बांधकामांचा निर्णय प्रकरणागणिक घ्यायचा होता. राज्य शासनाने 2011 मध्ये त्यांची वर्गवारी करण्याचे धोरण आखले. मुंबईत वांद्र्याच्या बाजार रोडवरील क्रूस एप्रिल 2017 मध्ये पाडला गेला, तेव्हा तो खासगी जागेत असल्याचे रहिवाशांचे म्हणणे होते. स्वतःच्या भूखंडावर अंतर कमी सोडणे हे अतिक्रमण नव्हे, नियमभंग आहे. दोन्हींची कार्यवाही निराळी.

वारसा इमारती : वारसा यादीतील चर्चांना बांधकामात बदल करताना वारसा जतन समितीचे मत लागते.

परदेश : धार्मिक इमारतींना बांधकामाच्या नियमांतून सूट असावी का, हा प्रश्न परदेशातही आला. अमेरिकेत टेक्सासमधील बर्नी गावच्या सेंट पीटर चर्चला विस्तार नाकारला गेला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गावाच्या बाजूने लागला. 2000 मध्ये धार्मिक भूवापरावर स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला.