मृगाआधीचं इंजिन

कयाधूकाठच्या आमच्या शिवारात वीज येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन धडधडायचं. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातले. आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ला. पावसाळ्यात हे इंजिन बंद राहायचं, म्हणून ते आधी नीट आवरून ठेवावं लागे. थंड देशांत पाणी गोठून यंत्र फुटतं, म्हणून बोटीची मोटर हिवाळ्याआधी आवरून ठेवतात. आमचा वैरी पावसाळी दमट हवा. मृग लागायच्या आत वडील इंजिनातलं पाणी सोडून द्यायचे, काळं पडलेलं ऑईल बदलायचे. टाकी मात्र काठोकाठ भरायचे, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि पत्र्याला गंज धरतो. मग हवेच्या वाटेनं थोडं ऑईल सोडून हँडल सावकाश फिरवायचं आणि सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची. पट्टा घरात, उंदरांपासून दूर. ज्यांच्या गोठ्यात असं इंजिन अजून आहे, त्यांनी ते भंगारात न घालता असंच जपावं.