नांगीची कुळकथा

खेकड्याच्या नांगीला दोन बोटे असतात. त्यांच्या चिमटीत सापडलेले सहसा निसटत नाही. १९२० साली गिल्बर्ट मॉर्गन आणि हॅरी ड्रू या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांना धातूचा अणू असाच दोन्हीकडून धरणाऱ्या रेणूंसाठी शब्द हवा होता. नांगीसाठी असलेल्या 'कीले' या ग्रीक शब्दावरून त्यांनी 'कीलेट' घडवला. पुढे हा शब्द अल्झायमरच्या संशोधनात आला, तो एक बेत घेऊनच: धातू दोषी असेल तर त्याला नांगीने ओढून काढावे.

पहिला संशय ॲल्युमिनियमवर गेला. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत त्याचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत धाग्यांचे गुंते दिसले. नंतर ते धागे अल्झायमरच्या गुंत्यांहून निराळ्या घडणीचे निघाले. धास्ती मात्र स्वयंपाकघरात शिरली ती शिरलीच. आपल्याकडेही जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली त्याच भीतीने माळ्यावर गेली.

मेंदूचे स्वतःचे धातू संशोधनाच्या केंद्रस्थानी आले ते १९९४ मध्ये. ॲशली बुश, रूडॉल्फ टांझी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या बीटा-अमायलॉइड या माणसाच्या प्रथिनाच्या जस्त मिसळताच झपाट्याने गुठळ्या होतात. उंदराच्या प्रथिनावर तसा परिणाम होत नाही. या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या, तेराव्या आणि चौदाव्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असते, आणि जस्त व तांबे त्यालाच चिकटतात. उंदरात तेराव्या जागी आर्जिनिन आहे. एका जागेच्या या बदलाने धातूवरची पकड ढिली होते. म्हणजे नांगी आधीपासून प्रथिनाच्याच अंगी होती.

जस्त बाहेरून येण्याची गरजही नव्हती. स्मृतीशी निगडित भागांतल्या अनेक चेतापेशी एकमेकींना संदेश देताना थोडे जस्त सोडतात, आणि अमायलॉइडही तिथेच साठते. तांब्याची तऱ्हा निराळी. अमायलॉइडला चिकटलेले तांबे प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि त्याने पेशी होरपळतात. १९९८ मध्ये रुग्णांच्या मेंदूतल्या अमायलॉइडच्या साठ्यांत तांबे, लोह आणि जस्त तिन्ही वाढलेले मोजले गेले.

मग औषध म्हणून नांगी शोधली गेली. सापडलेले क्लायोक्विनॉल जुने होते आणि त्याच्यावर डाग होता. जुलाबावरचे हे औषध जपानमध्ये सर्रास घेतले जाई. तिथे सुमारे दहा हजार लोकांच्या पायांतली संवेदना गेली, काहींची दृष्टीही गेली. या आजाराला 'स्मॉन' म्हणतात. रुग्णांची जीभ आणि लघवी हिरवी होत असे. तो रंग क्लायोक्विनॉलने धरलेल्या लोहाचा निघाला, आणि त्या धाग्याने गुन्हेगार सापडला. सप्टेंबर १९७० मध्ये जपानने विक्री थांबवली. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७७ मध्ये मुंबईतून दिसणाऱ्या स्मॉनवर शोधनिबंध लिहिला.

याच औषधाने २००१ मध्ये अल्झायमरसाठी घडवलेल्या उंदरांच्या मेंदूतले अमायलॉइड नऊ आठवड्यांत ४९ टक्क्यांनी घटवले. २००३ मध्ये ३६ रुग्णांवरची छोटी चाचणी आशा देऊन गेली. त्याचा सुधारित वारस पीबीटी-२ पुढे आला. धातू शरीराबाहेर फेकायचा नाही, अमायलॉइडकडून घेऊन पेशीच्या आत परत पोचवायचा, अशी त्यामागची कल्पना होती. २०१४ मध्ये एका चाचणीत अमायलॉइड घटवण्याच्या कसोटीवर ते उतरले नाही.

लोह काढणाऱ्या डेफेरिप्रोनची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाने मेंदूतल्या स्मृतिकेंद्रातले लोह कमी झाले, आणि तरी रुग्णांची बुद्धी अधिक वेगाने ढासळली. ज्या घरात आधीच माणूस हरवत चालला आहे, तिथे हे उत्तर किती जड पडले असेल!

या धातूंवाचून मेंदूचे एक क्षणही चालत नाही. पेशीच्या श्वसनाला लोह आणि तांबे लागतात, आणि असंख्य प्रथिनांना जस्त लागते. आपण 'कीलेट' शब्दात पकड ऐकली आणि पकडीलाच इलाज मानले. पण खेकड्याची नांगी नुसती पकडत नाही. पकडलेला घास ती तोंडाशी नेते आणि तिथे सोडते. धातू नेमका कुठे सोडायचा, हे शिकणे अजून बाकी आहे.